'बाहेरून करून घेतलं' : कापड, चित्र आणि टाका घालणारा हात

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

 

आजचा जाहीर केलेला विषय जरा लांबलचक आहे : समकालीन आशियाई कलाकार, त्यांचं कापडातलं आणि चित्रातलं काम, आणि त्यातून येणारे ओळखीचे व समाजाचे प्रश्न. विषय तोच आहे, बदललेला नाही. पण त्यात शिरायला आम्ही एक साधं वाक्य घेणार आहोत, जे आम्हाला काही वर्षांपूर्वी एका कलादालनात ऐकायला मिळालं.

एक मोठं कापड टांगलेलं होतं. त्यावर दाट भरतकाम. शेजारी भिंतीवर मजकूर होता, त्यात स्थलांतर, स्मृती, स्त्रीचं शरीर, ओळख असे सगळे शब्द. आम्ही जवळ जाऊन टाके बघत होतो. काम फार देखणं होतं. तिथे उभ्या असलेल्या मुलाला सहज विचारलं, हे भरलंय कुणी? तो म्हणाला, "ते ना? ते बाहेरून करून घेतलं."

आता या वाक्यात वाईट काहीच नाही. आपल्या शिंप्याकडे गेलो तर तोही म्हणतो, हूक-काजं बाहेरून करून घेतो, पिको-फॉल बाहेरून करून घेतो. रोजचं वाक्य आहे. पण त्या दालनात, 'ओळख' हा शब्द चार वेळा छापलेल्या भिंतीपाशी ते ऐकलं आणि आम्ही जरा थबकलो. ओळख कुणाची? जिने टाके घातले तिची तर नक्कीच नव्हती. ती 'बाहेर' होती.

आणि आमची चूकही सांगून टाकतो. घरी येऊन आम्ही त्या प्रदर्शनावर लिहिलं, बरंच लिहिलं. त्यात रंगसंगती होती, परंपरा होती, स्मृती होती. हे वाक्य नव्हतं. माध्यमाच्या जागी आम्ही 'कापड, भरतकाम' असं लिहिलं आणि पुढे गेलो. आजचं बोलणं ही थोडीशी त्याची भरपाई समजा.

आधी आपल्या घरातलं बघू. गोधडी. आईची, आजीची जुनी लुगडी, धोतरं, फाटलेले सदरे, थरावर थर घालून धावदोरा घातलेला. गोधडीवर कुणी सही करत नाही. पण म्हणून ती निनावी असते का? मुळीच नाही. घरात प्रत्येकाला ठाऊक असतं, ही मोठ्या मावशीनं शिवली, हा तुकडा अमक्याच्या बारशाच्या लुगड्याचा. नाव लिहायची गरज नसते, कारण नाव माहीतच असतं. तीच गोधडी उचलून दालनाच्या पांढऱ्या भिंतीवर लावा. तिथे येणाऱ्या कुणालाही मावशी माहीत नाही. घरात जे सही नसणं आपलेपणाचं होतं, ते इथे आल्यावर सरळ सरळ नाव पुसणं होतं. वस्तू तीच, जागा बदलली की अर्थ फिरला. कापडाचं काम करणाऱ्या आजच्या प्रत्येक कलाकाराला हा प्रश्न सोडवावा लागतो. कुणी सोडवतो, कुणी टाळतो. आमच्या मते त्या कामाची खरी परीक्षा तिथेच होते.

चित्र आणि कापड ही दोन टोकं आपल्याकडे कशी पडली, तेही दोन मिनिटांत सांगतो. स्वातंत्र्यानंतर १९५०च्या दशकात सरकारनं हातमागासाठी विणकर सेवा केंद्रं सुरू केली. त्यात चित्रकारांना नोकऱ्या दिल्या. विणकरांसाठी नवे नमुने काढायचे. के. जी. सुब्रमण्यन तिथे होते, अर्पिता सिंह काही काळ होत्या, आणि आपले प्रभाकर बरवे तर १९६१पासून बनारसच्या केंद्रात आणि मग मुंबईच्या केंद्रात, अशी बरीच वर्षं होते. बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. त्यांच्या चित्रांतल्या त्या सुट्या वस्तू, पान, घड्याळ, चाव्या, यांवर मराठीत पुष्कळ बोललं गेलंय. पण दहा ते पाच ते ज्या कापडांसाठी नक्षी काढत होते, त्याबद्दल आपण किती बोलतो? जवळपास नाहीच. कॅनव्हास म्हणजे कला आणि कापड म्हणजे नोकरी, अशी वाटणी आपण मनात करून टाकली. आणि त्या नक्षीवरून माग चालवणारा विणकर तर त्या नोकरीच्याही बाहेर.

ही वाटणी मोडणाऱ्यांपैकी पहिलं नाव आम्हाला घ्यावंसं वाटतं ते पासिता आबाद यांचं. पडद्यावर बघा.

आबाद फिलिपीन्सच्या, अगदी उत्तरेकडच्या बातानेस बेटांवर १९४६मध्ये जन्मलेल्या. घर राजकारणातलं, वडील खासदार. मार्कोसविरोधी निदर्शनांत त्या उतरल्या, घरावर गोळीबार झाला, तेव्हा घरच्यांनी त्यांना कायदा शिकायला स्पेनला पाठवायचं ठरवलं. १९७०मध्ये जाता जाता सॅन फ्रान्सिस्कोला थांबल्या आणि तिथल्याच झाल्या. पोटासाठी टायपिंग केलं, शिवणकाम केलं. हे शिवणकाम लक्षात ठेवा. पुढे त्या चित्रकार झाल्या तेव्हा सुई कुठल्या सिद्धांतातून हातात आलेली नव्हती, ती रोजगारातून आली होती.

त्यांच्या तंत्राला 'त्रापुंतो' म्हणतात. मूळ इटालियन शब्द. कॅनव्हास रंगवायचा, त्यामागे कापूस भरायचा, मग वरून टाके घालायचे, म्हणजे चित्र फुगून वर येतं. आपल्या रजईसारखंच, फक्त वर चित्र. मग त्यावर आरसे, कवड्या, मणी, बटणं. त्यांचे पती विकासाच्या अर्थशास्त्रात काम करत. त्यामुळे देशोदेशी फिरणं झालं, आणि जिथे गेल्या तिथल्या बायकांकडून त्या टाके शिकत गेल्या. एक व्यावहारिक गोष्टही आहे : अशा कामाची गुंडाळी होते. चौकटीतलं मोठं तैलचित्र घेऊन कोण देश बदलणार? गोधडी मात्र काखोटीला मारून निघता येतं.

आता त्यांचं १९९२चं 'एल. ए. लिबर्टी' बघा. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आपल्याला हिरवट, एकरंगी म्हणून माहीत आहे. इथे ती सावळी बाई आहे. झगा सगळ्या रंगांच्या पट्ट्यांनी भरलेला, डोक्यामागून किरणं फुटतायत, पृष्ठभाग टाक्यांनी आणि चमकत्या तुकड्यांनी गच्च. अमेरिकेत बाहेरून आलेल्यांची गोष्ट सांगताना युरोपातून आलेल्यांचीच गोष्ट सांगायची, या सवयीला दिलेलं हे उत्तर आहे. गंमत म्हणजे उत्तर रागावून दिलेलं नाही. सणासुदीला नटावं तशी ती नटलीय.

त्याच्या आदल्या वर्षीचं त्यांचं एक काम आहे. शीर्षकाचा मराठीत अर्थ असा होईल : मला वाटलं होतं, रस्ते सोन्याचे असतील. त्यात आशियातून आलेली माणसं प्रत्यक्षात काय करतात ते दिसतं : दुसऱ्यांची घरं झाडणं, आजाऱ्यांची सेवा, मिळेल ती मेहनत. चित्राचा विषय श्रम, आणि चित्र ज्यानं उभं राहिलं तेही श्रम. विषय आणि माध्यम इथे वेगळे काढताच येत नाहीत. म्हणून आम्ही आबादना फार मानतो.

पण टीका करायला बसलोय, तर करायलाच हवी. आपल्याकडच्या आरशांच्या भरतकामापासून इंडोनेशियाच्या बाटिकपर्यंत जे जे त्यांनी उचललं, ते ज्या बायकांकडून शिकलं त्यांची नावं चित्रांसोबत येत नाहीत. आबादनी उसनं घेतलं आणि मनापासून घेतलं, स्वतःच्या हातानं शिकून घेतलं. 'करून घेतलं' नाही. फरक आहे, आणि तो मोठा आहे. तरी मावशीचं नाव राहिलंच.

आता दुसरा कलाकार, थायलंडचा. जक्काय सिरिबुत. जन्म १९६९, बँकॉक. यांचं शिक्षणच वस्त्रकलेचं, अमेरिकेत झालेलं. २०१४च्या ज्या कामाबद्दल आम्ही बोलणार आहोत त्याचं नाव फक्त एक आकडा आहे : '७८'.

आकड्यामागची घटना आधी सांगितली पाहिजे. २५ ऑक्टोबर २००४. थायलंडच्या दक्षिण टोकाला नराथिवात प्रांतात ताक बाय नावाचं ठिकाण. तिथले बहुसंख्य लोक मलय भाषा बोलणारे मुसलमान. बौद्धबहुल देशात ते देशाच्या आत असूनही बाहेरचे. काही गावकऱ्यांना अटक झाली म्हणून पोलीस ठाण्यासमोर जमाव जमला. रमजानचे दिवस, पुष्कळांचे रोजे चालू. गोळीबार झाला, त्यात माणसं गेली. मग शेकडो पुरुषांना धरून, हात पाठीमागे बांधून, लष्करी ट्रकांत पालथं घातलं. एकावर एक, थरावर थर. ट्रक काही तासांनी पट्टानीच्या लष्करी तळावर पोचले, तोवर आतल्या ७८ जणांचा जीव गेला होता. बहुतेक गुदमरून.

सिरिबुत यांनी यावर काय केलं? काळ्या कापडाचा एक मोठा घन उभा केला, बघताक्षणी मक्केच्या काबाची आठवण व्हावी असा. आणि आत, थरावर थर, ७८ अंगरखे ठेवले. नमाजाला घालतात तसे साधे, भरतकाम केलेले. माणसं दाखवली नाहीत, रक्त नाही, ट्रक नाही. फक्त कपडे, आणि ती रचना. ज्या रचनेनं माणसं मारली, तिलाच त्यांनी इथे घडी घालून ठेवल्यासारखी केली.

इथे जरा थांबू या. वर्तमानपत्रातला आकडा आपण अर्ध्या सेकंदात वाचतो. अठ्ठ्याहत्तर. झालं वाचून. पण अठ्ठ्याहत्तर अंगरख्यांवर सुईनं काम करायचं म्हणजे प्रत्येक कापडापाशी बसावं लागतं. एकावर बसलं तसंच दुसऱ्यावर. घाई करता येत नाही. भरतकामाचा वेळ हा इथे शोक पाळण्याचा वेळ होतो. 'कापड कशाला, हेच रंगवून का नाही दाखवलं' या प्रश्नाचं उत्तर आमच्या मते यात आहे.

पुढची गोष्ट कलेच्या बाहेरची आहे, पण ती सांगितल्याशिवाय काम पूर्ण कळत नाही. थायलंडच्या कायद्यात अशा गुन्ह्याला वीस वर्षांची मुदत आहे. २०२४मध्ये, अगदी शेवटच्या महिन्यांत, काही माजी अधिकाऱ्यांवर खटले दाखल झाले. एकही आरोपी कोर्टात उभा राहिला नाही. २५ ऑक्टोबर २०२४ला मुदत संपली, खटला संपला. ते अंगरखे मात्र आहेत.

सिरिबुत यांनी नंतर आणखी एक पाऊल टाकलं, आणि ते आमच्या आजच्या प्रश्नाला थेट भिडणारं आहे. म्यानमारच्या सीमेवर शान निर्वासितांची एक छावणी आहे. तिथल्या मुलामाणसांबरोबर बसून त्यांनी भरतकाम सुरू केलं. ज्याला जे आठवतं, जे हवंसं वाटतं, ते त्यानं कापडावर भरायचं. पुढे ती कापडं प्रदर्शनात गेली, तेव्हा बघायला येणाऱ्यांनाही सुई दिली : बसा, तुम्हीही चार टाके घाला. म्हणजे दालनातला माणूस आणि छावणीतला माणूस एकाच कापडावर. इथे 'बाहेरून करून घेतलं' म्हणायची सोयच राहात नाही.

तिसरं नाव मलेशियाच्या यी इ-लान यांचं. जन्म १९७१, कोटा किनाबालू, म्हणजे बोर्निओतलं साबाह. या मूळच्या छायाचित्रांत काम करणाऱ्या. गेली काही वर्षं त्या साबाहच्या किनाऱ्यावरच्या ओमादाल बेटावरल्या बजाऊ सामा दिलाउत बायकांबरोबर चटया विणतात. हे समुद्रावर जगणारे लोक. त्यांच्यातल्या अनेकांकडे कुठल्याही देशाचे कागद नाहीत. चटईला मलय भाषेत 'तिकार' म्हणतात. ती विणायची केवड्याच्या कुळातल्या झाडाच्या पानांपासून. म्हणजे कोकणातल्या माणसाला ते पान ओळखीचंच.

त्यांची 'तिकार/मेजा' ही मालिका बघा. चटयांवर विणलेली चित्रं कशाची, तर टेबलांची. नुसती टेबलं, कुणी बसलेलं नाही. यी यांची मांडणी अशी : टेबल, म्हणजे 'मेजा', हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, आणि टेबल हे साहेबाचं आसन झालं. अर्ज टेबलापुढे करायचा, शिक्का टेबलावर बसतो, जनगणना टेबलावर होते. चटई त्याच्या उलट. अंथरली की सगळे एका पातळीवर. त्यामुळे चटईनं टेबलाला आपल्यात विणून घेतलं, हा या कामातला विनोद आहे आणि सूडही आहे. आपल्यालाही 'मेज' शब्द आहे, आपल्या कोशांत तो फारसीतला म्हणून सापडेल. पण सरकारी मेजापुढे हात जोडून उभं राहणं काय असतं, ते सांगायला आपल्याला कोश लागत नाही.

आणि एक मुद्दाम सांगायची गोष्ट. या कामांच्या पाटीवर कलाकाराच्या नावाबरोबर विणणाऱ्या बायकांची नावं असतात. 'स्थानिक कारागीर' असं मोघम नाही, एकेकीचं नाव. ज्या बायकांचं नाव कदाचित कुठल्याच सरकारी दप्तरात नाही, ते संग्रहालयाच्या दप्तरात जातं. आम्ही मघाशी म्हणालो ती परीक्षा हे काम फार चांगली उत्तीर्ण होतं.

तरीही आमचा एक मतभेद आहे. तो इथल्या मातीतला आहे म्हणून मांडतो. चटई म्हणजे समता, असं आपण महाराष्ट्रात बसून इतक्या सहज म्हणू शकतो का? डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लहानपणच्या शाळेबद्दल लिहिलंय. वर्गात त्यांना वेगळं, कोपऱ्यात बसावं लागे, आणि बसायला स्वतःचं गोणपाट. शाळेची झाडलोट करणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तिथे टेबल नव्हतं. सगळी मुलं जमिनीवरच होती, एका पातळीवर. तरी एका मुलाचं बसकर वेगळं होतं. आपल्या पंगतीही जमिनीवरच बसत, आणि कोण कुठल्या पंगतीला हे ठरलेलं असे. तेव्हा जमिनीवर अंथरलेली वस्तू आपोआप समता आणत नाही. कुणाच्या शेजारी अंथरली, यावर सगळं आहे.

यी यांचं काम यामुळे लहान होतं असं आम्हाला वाटत नाही. उलट आमच्या मते त्यांच्या चटईला समतेचं बळ तिच्या आकारातून येत नाही, ते त्या पाटीवरच्या नावांतून येतं. ती नावं काढून टाका. चटई सुंदर राहील, पण दावा राहणार नाही.

आता तुमच्यातलं कुणी म्हणेल, मग काय, नाव लिहिलं की झालं? प्रत्येक कामाला हाच नियम? नाही. कोरियाच्या किमसूजा यांचं उदाहरण घ्या. त्यांची सुरुवात १९८३मध्ये आईबरोबर पलंगपोस शिवता शिवता झाली. पुढे त्यांनी वापरलेल्या, इतरांच्या घरातल्या चादरी घेऊन 'बोत्तारी' बांधली, म्हणजे आपली बोचकी, गाठोडी. १९९७मध्ये अशी बोचकी ट्रकवर रचून, त्यावर स्वतः बसून, अकरा दिवस कोरियाभर २७२७ किलोमीटर फिरल्या. त्या चादरी कुणाच्या, ते कळत नाही, आणि कळू नये असंच ते काम आहे. घर सोडून निघालेल्या माणसाचं बोचकं कुणाचंही असू शकतं. तिथे निनावीपणा हा विषय आहे. आमचा आक्षेप निनावीपणावर नाही, निष्काळजीपणावर आहे.

शेवटचं उदाहरण चित्राचं, कारण कापडाचं बोलता बोलता चित्र सुटायला नको. नीलिमा शेख यांची १९८४ची बारा चित्रांची मालिका. नाव मराठीत सांगायचं तर 'चंपा मोठी झाली तेव्हा'. वयात येणारी एक मुलगी, तिचं खेळणं, लग्न, सासर, आणि मग हुंड्यासाठी जाळणं. त्या काळात 'स्टोव्हचा भडका' अशा तीन ओळींच्या बातम्या रोज येत, तुम्हाला आठवत असेल. शेख यांनी ती बातमी लघुचित्रांच्या परंपरेतल्या नाजूक हातानं, कागदावर टेंपेरानं काढली. भडक काही नाही. पहिल्या चित्रांतली मोकळी हवा हळूहळू कमी होत जाते. इथे टाका नाही, पण काम तेच आहे : जी मुलगी बातमीत 'एक विवाहिता' झाली असती, तिला शीर्षकात नाव मिळालं आणि एका घटनेला बारा चित्रांचा वेळ मिळाला.

तर आमचं म्हणणं एवढंच. कापड वापरलं म्हणजे काम आपोआप स्त्रियांचं, गरिबांचं, मुळांशी जोडलेलं होत नाही. आज जगभरच्या दालनांत कापडाला चांगले दिवस आलेत, याचा आनंदच आहे. पण याच काळात 'ओळख' हा शब्द भिंतीवर लिहायला फार सोपा झालाय, आणि पाटीवर चार नावं लिहायला मात्र जागा पुरत नाही. आबाद स्वतः शिकून शिवतात, सिरिबुत बसून शिवतात आणि इतरांना बसवतात, यी नावं लिहितात. वाटा वेगळ्या आहेत. पण या तिघांच्याही कामात तुम्ही तो प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं.

म्हणून पुढच्या वेळी प्रदर्शनात जाल तेव्हा एवढंच करा. छान भरतकाम दिसलं की विचारा, हे कुणी केलंय? आणि उत्तर आलं 'बाहेरून करून घेतलं', तर वाईट वाटून घेऊ नका, आमच्यासारखे गप्पही बसू नका. आणखी एक प्रश्न विचारा : बाहेरून म्हणजे कुठून?

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्यानं बोला.